अर्धं पाऊल बाहेर

पेनल्टी कॉर्नर मिळाला की प्रेक्षक उठून उभे राहतात आणि माझ्या पोटात गोळा येतो. खेळणं सोडून सहा वर्षं झाली, तरी येतो. परवा नेहरूनगरच्या मैदानावर शाळांच्या मुलींची मॅच चालू होती. मी जाळीपाशी चहाचा कप घेऊन उभी होते. पंचांनी गोलकडे दोन्ही हात दाखवले आणि माझा अर्धा चहा ओढणीवर. शेजारच्या बाईंनी रुमाल पुढे केला. "तुमची मुलगी आहे का हो टीममध्ये?" "नाही हो," म्हटलं, "उगाच आपलं." आता पहिल्या भेटीत त्यांना काय काय सांगणार?

मी भारताच्या संघाकडून हॉकी खेळले, बचावफळीत. हे कळलं की लोक खूश होतात आणि लगेच विचारतात, "किती गोल मारले?" एकही नाही. मग त्यांचा चेहरा असा पडतो की मलाच त्यांची समजूत घालावीशी वाटते. चिखलीत, म्हणजे आमच्याच गावात, माझा सत्कार झाला तेव्हा सूत्रसंचालकाने मला आधी गोलंदाज म्हटलं, मग कुणीतरी कानात सांगितल्यावर चूक दुरुस्त करून फलंदाज म्हटलं. शाल घेतली आणि गपचूप खाली बसले. बचाव करणाऱ्याचं हे असंच. जो गोल झाला नाही तो माझ्यामुळे झाला नाही, हे सिद्ध कसं करायचं? आणि जो झाला तो कुणामुळे झाला, हेही कधी कधी सिद्ध होत नाही. मला या दुसऱ्या गोष्टीबद्दल लिहायचं आहे, पण त्यासाठी आधी आमचा धंदा थोडा समजावून सांगावा लागेल.

गोलसमोर जमिनीवर एक अर्धगोल आखलेला असतो, त्याला आम्ही डी म्हणतो. आपल्या डीमध्ये आपण चूक केली की समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर मिळतो. मग आमच्यातल्या पाच जणींनी, गोलकीपर धरून, गोलरेषेच्या मागे उभं राहायचं. बाकीच्यांनी थेट मैदानाच्या मध्यावर जायचं. समोरच्या मुली डीच्या कडेला वाकून तयार. त्यांच्यातली एक गोलरेषेवरून चेंडू बाहेर ढकलते, दुसरी तो डीच्या टोकाला थांबवते आणि तिसरी तो स्टिकवर ओढून घेऊन गोलकडे भिरकावते, तिला फ्लिकर म्हणतात. चेंडू लागला तर काय होतं ते क्रिकेट खेळणाऱ्यांना विचारा, आमचाही तेवढाच कडक. आणि हे सगळं एका शिंकेच्या वेळात.

माझं काम काय? चेंडू हलला की गोलरेषेवरून सुटायचं आणि त्या भिरकावणाऱ्या मुलीच्या अंगावर धावून जायचं. थेट चेंडूच्या वाटेत. अशी जी पहिली धावते तिला रशर म्हणतात. तोंडावर मुखवटा, गुडघ्यांना पॅड, हातात मोजा, बाकी देह देवाच्या हवाली. नियमही कसा बघा. चेंडू रशरच्या गुडघ्याखाली लागला तर त्यांना परत कॉर्नर. गुडघ्याला किंवा त्याच्या वर लागला तर फटका धोकादायक ठरून फ्री हिट आम्हाला. म्हणजे मांडी काळीनिळी झाली की मैत्रिणी पाठ थोपटणार, "भारी गं!" असली आमची नोकरी.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. रशरने चेंडू अडवलाच पाहिजे असं नसतं. तिने गोलची एक बाजू आपल्या अंगाने झाकायची असते. उरलेली बाजू कीपरची. बारा फुटांचा गोल एकटी कीपर झाकू शकत नाही, म्हणून ही वाटणी आधीच झालेली असते. आमच्यात उजवी बाजू माझी, डावी कीपरची. चेंडू स्टिकवरून सुटायच्या आधीच ती डावीकडे झुकलेली असते. माझ्या बाजूकडे ती बघतही नाही, वेळच नसतो. तिने माझ्यावर विश्वास ठेवायचा आणि मी माझी रेघ सोडायची नाही, एवढाच करार. रेघ कुठे आखलेली नसते. गोलरेषेपासून त्या मुलीपर्यंतची सात पावलं, शेकडो वेळा धावून पायांत बसलेली. पहिलं पाऊल डाव्या पायाचं आणि सातव्याला स्टिक जमिनीला.

आमचे आप्पा चाकणला एका कंपनीत प्रेसवर होते. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणारं ते अजस्र मशीन. ते चालवायला दोन बटणं, दोन्ही हातांनी एकदमच दाबायची, म्हणजे हात मशीनखाली राहायला नको. काही जण घाईत एका बटणात लाकडाचा तुकडा अडकवून काम करायचे. आप्पांनी कधी केलं नाही. ते एकदाच माझी मॅच बघायला आले, फर्स्ट शिफ्ट करून, डबा हातात तसाच. मॅच संपल्यावर म्हणाले, "तू त्या पोरीच्या अंगावर जाती, तुला भ्या न्हाई वाटत?"

"वाटतं की आप्पा."

"मग बरं हाय. आमच्यात ज्याला भ्या वाटंना त्याचीच बोटं गेली." आणि स्वतःची दहाच्या दहा बोटं माझ्यासमोर धरली.

भीती वाटते हे मी आयुष्यात तेवढ्या एका माणसाजवळ कबूल केलं. टीममध्ये कुणाशी बोलायची सोयच नव्हती. मॅचच्या आधी माझे हात गार पडायचे, मुखवट्याचा पट्टा मी दहा वेळा ओढून बघायची, तीन वेळा बाथरूमला जाऊन यायची. आई टीव्हीवर मॅच बघायची, पण कॉर्नर मिळाला की उठून गॅलरीत झाडांना पाणी घालायला जायची. आमच्या कुंड्यांतली निम्मी झाडं कुजली ती त्यानेच.

आता नसीम. थेरगावची. डांगे चौकाजवळ तिच्या अब्बांचं गॅरेज होतं. आम्ही दोघी एकाच वर्षी नेहरूनगरला खेळायला लागलो. मी बचावात आणि ती कीपर. कीपरची बॅग म्हणजे एक माणूसच असतो. बसमध्ये ती बॅग सीटवर ठेवायची. कंडक्टर ओरडला तर म्हणायची, "काका, बॅग बसू द्या, मी उभी राहते." कंडक्टरला हसावं की रागवावं कळायचं नाही. तिचे पॅड गॅरेजच्या दारात, टायरांच्या शेजारी वाळत पडलेले असायचे. मुकुंद नावाचा एक गिऱ्हाईक दर वेळी विचारायचा, "हे कुठल्या गाडीचं सीट?"

मैदानावर तिची टकळी बंद नसायची. कीपरला सगळं मैदान दिसतं, आम्हाला फक्त समोरचं. "वैशे, डावीकडं! वैशे, मागं बघ! वैशे, मेली का काय?" सत्तर हजार वेळा तरी माझं नाव घेतलं असेल तिने. फक्त कॉर्नरला ती गप्प. गोलरेषेवर वाकायच्या आधी माझ्या पाठीवर तो जाडजूड मोजा ठेवायची आणि हळूच म्हणायची, "जा. मी आहे." आई शप्पथ सांगते, त्या तीन शब्दांवर मी सात वर्षं धावले.

दोघींचीही भारताच्या शिबिरात निवड झाली तेव्हा तिथे आम्हाला एक रिवाज कळला. कॉर्नरवर गोल झाला की सगळ्यांची खरडपट्टी निघायची. कीपरची, खांबाशी उभी राहणारीची, जिच्या चुकीने कॉर्नर मिळाला तिची. रशरची मात्र नाही. झारखंडची एक सीनियर होती, पुढचे दोन दात गेलेली. तिने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं, "रशर से कोई नहीं पूछता." कारण साधं होतं. जी अंगावर चेंडू घ्यायला धावते तिला परत येऊन हिशेब विचारला, तर पुढच्या वेळी ती धावताना विचार करेल. आणि विचार करणारी मरते. आमचे प्रशिक्षक सरही हा रिवाज पाळायचे. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. आपल्याला कुणी विचारत नाही म्हणजे आपण कुणीतरी आहोत, असं वाटायचं वय होतं.

मग शिबिरातल्या सरावात, आमच्याच फ्लिकरचा चेंडू माझ्या डाव्या बरगडीत बसला. बरगडीला तडा गेला. दीड महिना हसताना, शिंकताना, कूस बदलताना जीव जायचा. नंतर डॉक्टरांनी फोटो काढला, म्हणाले, एकदम जुळलीय, खेळा. बरगडी जुळली होतीच. पण परत धावायला लागले तेव्हा माझ्या लक्षात आलं की सहाव्या पावलाला माझं अंग उजवीकडे वळतंय. डावी बाजू लपवायला. मी ठरवून करत नव्हते. ठरवून थांबवायलाही येत नव्हतं. पाऊल रेघेच्या बाहेर पडायचं, जेमतेम अर्धं पाऊल. दहात एखाद्या वेळी.

अर्धं पाऊल म्हणजे किती, तुम्ही म्हणाल. स्टेडियममधून दिसतसुद्धा नाही. बाजूच्या कॅमेऱ्यात दिसत नाही. पण मी बाहेर सरकले की माझ्या आणि कीपरच्या मध्ये एक फट पडते आणि त्या फटीला मालकच नसतो.

नसीमने एकदा सरावानंतर पॅड सोडता सोडता विचारलं होतं, "बरगडी दुखते का गं अजून?"

"छे गं. कसलं काय."

"नक्की?"

"म्हटलं ना."

सांगितलं असतं तर काय झालं असतं? सरांनी चार आठवडे दुसऱ्या कुणाला तरी धावायला लावलं असतं. आणि ती दुसरी चांगली धावली असती तर? बाहेर माझ्या जागेसाठी तीन मुली उभ्या होत्या, तिघीही माझ्यापेक्षा लहान, तिघींच्याही बरगड्या शाबूत. हीच भीती मला चेंडूपेक्षा जास्त वाटायची, हे आज कबूल करते.

परदेश दौऱ्यातली शेवटची मॅच. त्यानंतर तीन दिवसांनी मोठ्या स्पर्धेचा संघ जाहीर होणार होता. त्यात दोनच कीपर जाणार आणि दौऱ्यावर आम्ही तीन कीपर नेल्या होत्या. शेवटच्या मॅचला सरांनी नसीमला उभं केलं होतं. ती जीव तोडून खेळत होती, चार नक्की गोल तिने पायाने, पोटाने, डोक्याने अडवले. एक-एक बरोबरी. शेवटची दोन मिनिटं. आणि कॉर्नर.

मी मुखवटा चढवला. पट्टा परत एकदा ओढून बघितला. समोरची फ्लिकर उंच, सोनेरी वेणीची, शांतपणे बोटांनी घाम पुसत होती. तिला घाईच नव्हती. मला एकदम माझी बरगडी जाणवली, दुखत नव्हती, नुसती आहे हे जाणवलं. मागून मोजा पाठीवर आला. "जा. मी आहे."

सुटले. डावा, उजवा, डावा, उजवा, डावा. तिने चेंडू ओढायला घेतला, खांदा खाली गेला, आणि माझा उजवा पाय बाहेर पडला. पडला तेव्हाच मला कळलं. परत आत यायला वेळ नव्हता. चेंडू माझ्या डाव्या कुशीजवळून गेला, इतक्या जवळून की त्याचा आवाज ऐकू आला, आणि मागे गोलच्या तळच्या फळीचा धाडकन आवाज झाला.

वळून बघितलं. नसीम डावीकडे आडवी पडली होती, हात लांब करून, जिथे असायला हवं तिथेच. चेंडू उजवीकडे, माझ्या बाजूला जाळीत. बघणाऱ्याला एकच दिसणार. चेंडू इकडे आणि कीपर तिकडे.

ती उठली, हेल्मेटच्या जाळीतून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चल, उठ, अजून दीड मिनिट आहे." मी पडले नव्हते. मी उभीच होते. का तसं म्हणाली कोण जाणे. आम्ही हरलो.

संध्याकाळी मीटिंग. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "नसीम, लेफ्ट क्यों गई?"

"सर, मेरी गलती."

मी बुटांच्या नाड्या बघत होते. माझ्याकडे कुणी वळूनही बघितलं नाही, रिवाजच होता तसा. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. नाही बोलले. संघ लागेपर्यंत तीन दिवस होते. शिबिरात परत आलो, तिथेही आम्ही दोघी एकाच खोलीत. पहिल्या दिवशी मी सरांच्या खोलीपर्यंत जाऊन आले, दार बंद होतं, टकटक केली नाही. दुसऱ्या दिवशी मनात हिशेब मांडला की नसीमने चार गोल वाचवलेत, सर एवढ्यावरून थोडीच काढणार आहेत तिला. तिसऱ्या दिवशी जेवताना तिने मला विचारलं, "वैशे, काही बोलायचंय का तुला?"

"नाही गं. का?"

"काही नाही. वरण घे."

यादी लागली. त्यात माझं नाव होतं, तिचं नव्हतं. ती खोलीत येऊन बॅग भरायला लागली. पॅड, हेल्मेट, पायातले ते मोठे बूट, एकेक नीट पुसून ठेवत होती. मी म्हटलं, "पुढच्या वेळी नक्की येशील." काय निर्लज्जपणा! तिने फक्त "पलंगाखाली मोजा राहिलाय का बघ" म्हटलं. मी वाकून बघितलं, राहिला होता, काढून दिला.

त्या स्पर्धेत आम्हाला पदक मिळालं. ते कपाटात आहे, आल्यागेल्याला मी दाखवत नाही. नसीम दोन वर्षं राज्याकडून खेळली, मग तेही संपलं. भारताच्या संघात तिला परत कुणी बोलावलं नाही. आता ती थेरगावच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. आमचं येणंजाणं कधी तुटलं नाही. ईदला मी तिच्याकडे, दिवाळीला ती आमच्याकडे, तिच्या अम्मी मला अजून लेक म्हणतात. सगळ्या जगाच्या गप्पा झाल्या आमच्या, ती मॅच सोडून. तेवढा एक कोपरा आम्ही दोघी वळसा घालून जायचो. मला वाटायचं तिला माहीत नसेल. असं वाटून घ्यायला बरं वाटायचं.

मागच्या वर्षी ती क्लिप आली. त्या मॅचला गोलमागे आपल्याकडचं एक कुटुंब उभं होतं, तिकडेच राहणारं. त्यांनी मोबाइलवर शेवटचा कॉर्नर घेतला होता. इतक्या वर्षांनी कुठून कशी ती बाहेर पडली देव जाणे. खाली कुणीतरी लिहिलंय, "ही बघा आपली कीपर, उलटी उडी!" आणि हसणारे चेहरे. पिंपरी-चिंचवडमधल्या प्रत्येक हॉकीवाल्याच्या फोनवर ती फिरली. नसीमच्या शाळेतल्या मुलींपर्यंत पोचली.

आणि या पावसाळ्यात आमच्या मुलींच्या हॉकी प्रशिक्षण केंद्राला कीपर-प्रशिक्षक हवा होता. मी केंद्राच्या समितीवर आहे, माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू म्हणून, हार घालायला उपयोगी पडते. नसीमचा अर्ज आला होता. सगळ्या अर्जांत तिच्याइतकी कीपिंग कळणारी दुसरी व्यक्ती नव्हती, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. तिलाही ते काम मनापासून हवं होतं. शाळेत कवायत घेऊन घेऊन कंटाळलेय, परत गोलमध्ये उभं राहायचंय, असं मला फोनवर म्हणाली होती. तिचा अर्ज वाचल्यावर समितीतले एक ज्येष्ठ सभासद, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो, चष्मा काढून म्हणाले, "बाई चांगल्या आहेत हो. पण मुलींना शिकवणार काय? उलटी उडी मारायला?"

सगळे हसले. वाईट माणसं नाहीत ती, हसण्यासारखं वाटलं म्हणून हसली. मी तोंड उघडलं. आणि माझ्या तोंडून काय निघावं? "पुढच्या बैठकीत ठरवू." बस्स. एवढंच.

घरी येताना रिक्षात मी स्वतःला इतक्या शिव्या घातल्या की रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. दुसऱ्यांदा! पहिल्या वेळी वय होतं, जागा जाण्याची भीती होती. आता काय जाणार होतं माझं? कोण काढणार होतं मला कुठल्या संघातून? चिखलीच्या रस्त्याला लागलेली रिक्षा मी तशीच थेरगावला वळवायला लावली.

नसीम दारातच बसली होती, पॅडचा उसवलेला पट्टा दाभणाने शिवत. शाळेचे पॅड, जुने, कितव्यांदा शिवत होती कुणास ठाऊक. मी चप्पलही काढली नाही. "नसीम, त्या कॉर्नरला मी रेघ सोडली होती."

तिने दोरा दाताने तोडला. "माहितीये."

"कधीपासून?"

"चेंडू जाळीत जायच्या आधीपासून. तुझ्या तोंडापेक्षा तुझी पाठ मी जास्त बघितलीय, वैशे. तू वळलीस ते मला नाही कळणार?"

"मग बोलली का नाहीस?"

"दुसऱ्या दिवशी सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं होतं. रशर लाइनवर होती का म्हणून."

हे मला ठाऊक नव्हतं. मी पायरीवर बसले. "काय सांगितलंस?"

"होती म्हटलं." तिने दुसरा दोरा ओवायला घेतला. "रशरला विचारायचं नसतं ना? मग रशरबद्दल सांगायचंही नसतं. कीपरने रशरचं नाव घेतलं की कुठली मुलगी परत धावेल पुढे?" दोरा नेढ्यात जात नव्हता. दोनदा चुकला. मग तिने दाभण खाली ठेवलं आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "पण रशरने स्वतःहून सांगू नये, असं कुणी म्हटलं होतं गं? तीन दिवस मी वाट बघितली तुझी. तिसऱ्या दिवशी तर विचारलं पण."

मला रडूच कोसळलं. ती चिडली. "ए, रडू नको हां इथे. शेजारीपाजारी बघतील, मीच काही केलं म्हणतील." मग आतून पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "आणि मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांग."

तिथेच बसून मी अण्णांना फोन लावला. सगळं सांगितलं, बरगडीपासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, भला माणूस आहे, आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं मन फार मोठं आहे. मैत्रिणीसाठी स्वतःवर घेताय. आजकाल कोण करतं एवढं?"

"अहो अण्णा, खरं सांगतेय मी."

"असू द्या, असू द्या. क्लिप मी वीस वेळा बघितलीय." आणि त्यांनी फोन ठेवला.

नसीम इतकी हसली, इतकी हसली, की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. "घे. आता सांगायला गेलीस तर तुझा सत्कारच करतील."

मला हसू आलं नाही. पुढची बैठक दिवाळीनंतर आहे. मी तिथे परत सांगणार आहे, उभी राहून, आणि ते परत मला मोठ्या मनाची ठरवतील याची मला धास्ती आहे. म्हणून आधी हे छापायला दिलं. ती क्लिप तुमच्यापैकी पुष्कळांच्या फोनवर असेल. एकदा परत लावा. चेंडूकडे बघू नका आणि कीपरकडेही बघू नका, सगळ्यांनी आजवर तेवढंच बघितलंय. गोलमधून एक मुलगी धावत सुटते, पाठीवर पाच नंबर, ती मी. माझी पावलं मोजा. सहाव्याला थांबवा. उजवा पाय बाहेर पडलाय आणि चेंडू अजून त्या सोनेरी वेणीच्या स्टिकवरच आहे, सुटलेला नाही. आता मागे बघा. नसीम तिच्या जागेवर आहे. मी माझ्या जागेवर नाही.